माटवीखालची पुसलेली जागा

परवा इथे आखातात सलमाबादला गेले होते, आमच्या कंपनीने नव्याने भाड्याने घेतलेला लेबर कॅम्प बघायला. दुसऱ्या दिवशी माणसं राहायला येणार, म्हणून मॅनेजरचं एकच पालुपद... भिंती आजच्या आज पांढऱ्या करा, खलास!

शेवटच्या खोलीत शिरले आणि बघतच राहिले. अख्खी भिंत चित्रांनी भरलेली... कौलारू घर, ओढ्यावरचा साकव, वळणावरची लाल एसटी. सगळं कोळशाने आणि हळदीने काढलेलं, पण काय हात होता हो!

मधोमध गणपतीवर बांधतात ती माटवी होती. नारळ, सुपारीचे घड, कवंडळं, आंब्याचे टाळ, एकेक पान सुटं दिसत होतं. आणि तिच्या खाली, पाटावर... नुसता काळपट डाग.

माझं डोकंच फिरलं. एवढ्या सुंदर चित्राची कुणी वाट लावली, म्हणून मी तिथेच तोंड सोडलं.

"मीच पुसलंय मॅडम," रंगकामासाठी सोबत आलेले आमचे पेंटर दाजी म्हणाले. दाजी कुडाळचे. आमच्याकडे येण्याआधी ते याच खोलीत अडकून होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांची जुनी कंपनी बुडाली, मालक पासपोर्ट घेऊन गायब, व्हिसा संपलेले. गेटबाहेर पाऊल टाकलं तर पकडतील ही भीती... त्यातच चतुर्थी आली.

मूर्ती आणणार कुठून? मग त्यांच्यातल्या एकाने भिंतीवरच गणपती काढला. दीड दिवस पुजला, हळू आवाजात आरत्या म्हटल्या आणि ओल्या फडक्याने पुसून विसर्जन केलं. फडक्याचं पाणी अंगणातल्या झाडाला घातलं.

पण पुसताना 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायला कुणाची जीभच रेटेना. तो पुन्हा इथे येणार म्हणजे आपणही इथेच! शेवटी दाजीच बोलले होते... "देवा, पुढल्या वर्षी तू हय येव नको. आमीच घराक येताव."

"मग... गेलात?" मी विचारलं.

"वकिलातीने कागद करून दिले, सगळे गेलो. पुढची चतुर्थी घरी केली. नव्या व्हिसावर तुमच्याकडे आलो तो त्यानंतर," दाजी म्हणाले आणि रोलर रंगात बुडवायला वाकले.

मी त्यांना थांबवलं. मॅनेजरला काय सांगायचं ते माझं मी बघून घेईन म्हटलं. त्या खोलीच्या आम्ही तीनच भिंती रंगवल्या... आणि निघताना मी चपला काढून त्या डागाला नमस्कार केला.