विहिरीतली गारगोटी

पिशोरच्या आमच्या विहिरीत सुरुंग उडवला, तेव्हा काळ्या खडकाच्या पोकळीतून लखलखती गारगोटी निघाली. वडिलांनी, म्हणजे दादांनी, "हिच्यात जीव हाय," म्हणत ती देव्हाऱ्यात मांडली. मी औरंगाबादच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होतो, म्हणजे मला सगळंच कळत होतं.

"दादा, हा निवालेला लाव्हा. यात कसला आलाय जीव?"

"व्हय का?" म्हणत त्यांनी ती उचलून गोठ्यात ठेवली.

पुढं वाचलं, की गारगोटी म्हणजे लाव्हा नव्हेच, खडकाच्या पोकळीत झिरपलेल्या ऊन पाण्यातून ती घडते; आणि पृथ्वीवरचा पहिला जीवही कदाचित खडकाच्या अशाच पोकळ्यांत, ऊन पाण्यातच जन्मला असावा. दादांना सांगायचं दर सुट्टीत राहून गेलं.

त्यांच्या तेराव्यानंतर मी गारगोटी धुऊन देव्हाऱ्यात ठेवली. आई म्हणाली, "दूध काढायच्या आधी रोज हात जोडायचे तिला. म्हणायचे, त्याला सांगू नको, पोरगं हसंल."