डिलिव्हरीच्या पेटीतली पदवी

मी बी.कॉम. आहे, हे आधीच सांगतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिला मीच. वडील गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायचे आणि सहीच्या जागी अंगठा उठवायचे. तरी माझ्या व्हिसावर ‘हेल्पर’ लिहिलं होतं, कारण एजंटाकडे त्या वेळी तेवढाच व्हिसा शिल्लक होता. ‘तिकडं गेल्यावर बदलून घ्या,’ म्हणाला. तीन वर्षं झाली तरी मी दुबईत सोनापूरच्या मजूर कॅम्पात, बारा जणांच्या खोलीत वरच्या कॉटवर झोपत होतो. छत नाकापासून दीड हात. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. पुढच्या महिन्यात व्हिसा रिन्यू व्हायचा होता. झाला की आणखी तीन वर्षं हेल्पर.

कॅम्पाबाहेरचा माझा एकच दोस्त. रत्नागिरीकडचा, बर दुबईतल्या एका कॅफेटेरियात मोटरसायकलवरून डिलिव्हरी करायचा. सुट्टीला मालक त्याला गाडी वापरू द्यायचा. एका शुक्रवारी सकाळीच तो गेटवर आला.

“यल्ला, चल बीकॉम, बस मागे. रास अल खैमाला माझा मामू आहे, कारखान्यात. त्यांना स्टोअरच्या हिशोबाला ग्रॅज्युएट हवाय. डिग्री घे. आणि जाता जाता समुद्र बघ, तीन वर्षांत नुसती रेतीच बघितलीस.”

पदवी ट्रंकेच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेली होती. ती त्यानं मागच्या डिलिव्हरीच्या पेटीत ठेवली. पेटीला पराठ्याचा आणि कांद्याचा वास येत होता.

“वास लागेल रे तिला.”

“लागू दे. मामूला भूक लागेल, नोकरी लवकर देईल.”

मला दिलेलं हेल्मेट एक नंबर लहान होतं. कान चेपले गेले. शारजा गेलं, अजमान गेलं, मग रस्ता मोकळा झाला आणि डावीकडे मध्येच निळं पाणी दिसायला लागलं. तो ओरडून काहीतरी दाखवायचा, मला ऐकू यायचं नाही. मी एका हातानं पेटीचं झाकण दाबून धरलं होतं. ते नीट लागत नव्हतं. समुद्र बघण्यापेक्षा माझं लक्ष त्या झाकणाकडेच होतं.

मामूंनी आधी मासे-भात वाढला, मग हात पुसून पदवी घेतली. नाव वाचलं, क्लास वाचला, मान डोलावली. मग ती उलटी केली आणि नखानं खरवडून बघितली.

“लॅमिनेशन कुणी केलं?”

“वडिलांनी.”

“डिग्री खरी आहे म्हणून अटेस्टेशनचे सरकारी शिक्के मागच्या बाजूला, कागदावर मारतात, बाबा. असलं प्लास्टिकमधलं घेतच नाहीत.”

“सोडवता नाही येणार?”

“फाटतं. दोघांचं फाटलेलं मी बघितलंय.” मग म्हणाले, “युनिव्हर्सिटीतून दुसरी प्रत काढा. वडील जातील अर्ज घेऊन. महिनाभर मी जागा धरून ठेवतो. अटेस्टेड डिग्री आली की तुमच्या कंपनीकडून रिलीज घ्यायचं आमची कंपनी बघेल, इन्शाल्ला.”

गावाकडं आमच्या घरात वाळवी होती. माझा निकाल आला, पदवी हातात आली, आणि एक दिवस वडील कामावर न जाता ती घेऊन एकटेच तालुक्याला गेले. परतले तेव्हा छातीशी धरलेली. “आता याला काही होत नाही,” म्हणाले. इतकं खूश मी त्यांना पुन्हा कधी बघितलं नाही.

मामूंच्या घराजवळ किनाऱ्याला एक टेलिफोन बूथ होतं. दोस्तानं गाडी तिथं उभी केली.

“फोन कर. शुक्रवार आहे, म्हातारा तिकडं एसटीडीवर येऊन बसलाच असेल.” पदवीचा एक कोपरा तो बोटांनी चाचपत होता. “नाहीतर गरम इस्त्री फिरवून प्लास्टिक सोडवू या का?”

मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि कार्ड घालून नंबर लावला.

पहिल्याच रिंगला वडिलांनी उचलला. जेवण झालं का, विचारलं. ऑफिसातले साहेब बरे आहेत ना, विचारलं. मी ऑफिसात आहे असं त्यांना सांगून ठेवलं होतं. मग म्हणाले, “आणि तो कागद? तिकडं हवा दमट आहे म्हणतात.”

बोलायला आलो होतो ते ओठांवर होतं. पण युनिव्हर्सिटीत कुठल्या खिडकीला जायचं हे त्यांना वाचता येणार नव्हतं. दहा जणांना विचारलं असतं, आणि त्या दहातल्या एकानं तरी हसून सांगितलं असतं, बाबा, तुम्हीच तर वाया घालवलीत.

“नीट आहे,” मी म्हणालो.

“मग झालं तर.”

तेवढ्यात माझी पुढची तीन वर्षं ठरली.

बाहेर तो गाडी सुरू करून बसला होता. “सांगितलंस?”

“लाइन खराब होती.”

“कार्ड संपलं?”

“नाही.”

पदवी पेटीत ठेवून त्यानं झाकणाला दोरी बांधली. मग स्वतःचं हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि ते लहान हेल्मेट दोन्ही हातांनी ओढून आपल्या डोक्यात बसवलं. त्याचं डोकं माझ्याहून मोठं होतं.