माझा अंबाडा मी घातला

गेला पावसाळाभर माझे केस माझ्या धाकट्या जावेने विंचरले. रोज सकाळी ती यायची, मला उंबऱ्यावर बसवायची, तेल लावायची आणि असा घट्ट अंबाडा बांधायची की माझे डोळे बारीक व्हायचे. पाणी तीच आणायची. भाकऱ्या वाडीतल्या कुणाच्या ना कुणाच्या घरून यायच्या. मी बसून खायचे.

विहिरीवरच्या शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय घसरला आणि मी उजव्या अंगावर पडले. दंडाचं हाड वर खांद्यापाशी मोडलं. महाडच्या डॉक्टरांनी फोटो काढला, ऑपरेशन नको म्हणाले, हात गळ्यात झोळीत बांधला. तीन आठवड्यांनी या, मग हात हलवायला शिकवू, असं त्यांनी सांगितलं होतं. पण तोवर पाऊस लागला. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे, एसटी खाली फाट्यावर मिळते. तळीयेला दरड कोसळली तेव्हापासून मोठ्या पावसात आमच्याकडे कुणी कुणाला विनाकारण खाली जाऊ देत नाही. जाऊ म्हणाली, "हात काय पळून जातोय? बस गप." मी बसले.

आमच्या वाडीत हात-पाय मोडलेल्या माणसाला काडी उचलू देत नाहीत. झोळीतून हात काढला तरी कुणी ना कुणी तो परत आत घालायचं. मुलगा मुंबईहून फोन करायचा, तोही हेच सांगायचा. "आई, जोर देऊ नकोस." इतकी माणसं एकच सांगत होती, म्हणजे ते खरंच असणार असं मला वाटलं.

पाऊस ओसरला तेव्हा झोळी काढली. हात खांद्याच्या वर येईना. जबरदस्ती केली तर डोळ्यांपुढे अंधारी यायची.

मुलगा म्हणाला, "दिवाळीला येतो. घराला कुलूप लावू आणि तू माझ्याकडे चल."

सून चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्या घरात मी दोन दिवस पाहुणी असते आणि तिसऱ्या दिवसापासून सामान. शिवाय वाडीतली कुलूप लागलेली घरं मी पाहिली आहेत. आधी वाळवी लागते, मग कौलं सरकतात, मग भिंत बसते. माझं घर मला तसं करायचं नव्हतं. मी जावेला घेऊन महाड गाठलं.

डॉक्टरांनी नवा फोटो काढला. हाड चांगलं जुळलंय म्हणाले आणि मला पलीकडच्या खोलीत फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे पाठवलं. माझ्या नातीच्या वयाची पोर.

"आजी, हात कुठपर्यंत येतो?"

"नाय येत वर," जाऊ म्हणाली.

"दुखतो कधी?"

"रातचा लय दुखतो तिला."

"काकी, हात कुणाचा मोडलाय?"

मग त्या मुलीने मला विचारलं, "या हाताने तुम्हाला काय करायचंय?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अंबाडा. माझा मला घालायचाय. नायतर मुलगा मला उचलून मुंबईला नेल."

"ठीक आहे. अंबाडाच घालू."

तिने खांदा शेकला, मग हात धरून हळूहळू वर नेला आणि फिरवला. मी तिला शिवी दिली. ती म्हणाली, "द्या, पण श्वास रोखून देऊ नका." हाड जुळलं, पण इतके दिवस न हलवल्यामुळे सांधा जखडला, असं तिने समजावलं. मग ती जावेकडे वळली. "काकी, तुम्ही खूप सेवा केलीत. आता थांबवा. भरलेली कळशी सोडून बाकी सगळं त्या करतील. धडपडल्या तरी तुम्ही बघत बसायचं."

एसटीत जाऊ पोलादपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. "माझ्यामुळं झालं म्हनती ती."

"तुझ्या एकटीमुळं नाय. अख्ख्या वाडीमुळं."

हे ऐकून तिला जरा बरं वाटलं.

त्या पोरीने शिकवल्याप्रमाणे घरी वाशावरून दोरी टाकली. एक टोक उजव्या हातात धरायचं आणि दुसरं डाव्या हाताने खाली ओढायचं, म्हणजे उजवा हात आपोआप वर जातो. शिवाय भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची आणि जिथे पोचतील तिथे कोळशाने खूण करायची. पहिली खूण माझ्या छातीच्या उंचीला होती. मी रोज कण्हायचे आणि जाऊ रोज उठून मदतीला यायची. एकदा मी डाव्या हाताने फणी धरून झगडत होते. तिने ती ओढली.

"दे इकडं. बघवत नाय."

"हात लावू नको."

"बाय, माझा हात आता नकोसा झाला काय तुला?"

ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही. मग मीच तिच्या दारात गेले. "हात नको, तोंड चालंल. माझ्याकडं येऊन बस आनि बडबड कर."

ती आली. दोन्ही हात मांडीखाली घालून बसली आणि माझी बोटं भिंतीवर चढताना बघून म्हणाली, "पाल चढंल गो बाय ह्याच्या आधी." मग ती रोज यायची, रोज काहीतरी टोचून बोलायची. मला नुसतं दुखत होतं. तिला काही न करता ते बघत बसावं लागत होतं. माझ्याच्याने ते झालं नसतं.

आठवड्याला मी महाडला जायचे. ती पोर बरं वाटतंय का असं कधी विचारत नसे. "दाखवा, कुठवर आला," एवढंच. नवस-अंगारा करून मी कुणाचे उपकार मानलेले नाहीत, पण तिचे मानते. तिने मला दुखवलं आणि माझा हात मला परत दिला.

दिवाळीला मुलगा आला. पिशवीत नवं कोरं पितळी कुलूप होतं, ते त्याने ओट्यावर ठेवलं. सकाळी मी उंबऱ्यावर बसले आणि केस सोडले. हात हळूहळू वर गेला. मध्ये एकदा खाली घेतला, पुन्हा नेला. पिळा दिला, गुंडाळला, आकडे खोचले. मुलगा दारात उभा राहून बघत होता.

"काकी," त्याने जावेला विचारलं, "आईचा हात कसा आहे आता?"

"हात तिचा हाय," जाऊ म्हणाली. "तिला इचार."

तो माझ्याकडे वळला. मी उठले, ओट्यावरचं कुलूप घेतलं आणि उजव्या हाताने चुलीवरच्या फळीवर ठेवलं. टाचा उचलाव्या लागल्या. खांदा ठणकला. मग चहाचं आधण ठेवलं.

अंबाडा डाव्या कानाकडे कलला होता. जावेची नजर सारखी तिकडेच जात होती. तिने दोन्ही हात मांडीखाली घातले.