वाटणीपत्राचं बंद बटण

ती घटना आजही आठवली की मला हसू फुटतं. जाफराबाद तालुक्यात तेव्हा मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच एक शेतकरी तावातावाने आत आला. तक्रार सख्ख्या थोरल्या भावाविरुद्ध. थोरल्याने न विचारता बैल विकला, त्यावरून बिनसलं आणि गाडी थेट वाटणीवर आली. बाजारातल्या टायपिंगवाल्याने संगणकावर वर्डमध्ये वाटणीपत्र तयार केलं होतं. 'छापा' हे बटण दाबलं की कागद बाहेर. पण दोनदा जाऊनही बटण फिकं, दाबलं तरी ढिम्म.

"भावानंच बंद पाडलं, साहेब. विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा सोडायचा न्हाई त्याला."

थोरल्याला बोलावलं, तर तोही धाकट्याकडेच बोट दाखवू लागला. अर्ज चौकशीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी एका जीपवाल्याने खबर दिली. "साहेब, त्या दोघांच्या बायका माह्याच जीपनं आल्त्या. खेटून बसल्या अन् टायपिंगच्या दुकानात गेल्त्या." नवऱ्यांचा अबोला आणि जावा एका सीटवर! मी कान टवकारले.

चौकशीत माझा नियम, आधी चहा, मग प्रश्न. टायपिंगवाल्याचा कप अर्धाही झाला नव्हता. "बटनामागं मॅक्रो असतो, म्हंजी संगणकाला दिलेल्या सूचना. त्यात एक ओळ टाकली साहेब, बटन बंद. दोघी वैनींनीच सांगितलं. कापसाची वेचणी सुरू होईस्तोवर रोखून धर म्हणल्या."

जावांना विचारलं. थोरली बिलकुल घाबरली नाही. "कापूस फुटला की एकमेकाबिगर जमत न्हाई त्यायला. राग उतरतो मंग. तवर घर मोडू द्यायचं का?" धाकटी तोंडाला पदर लावून हसत होती. जावांनी घर फोडल्याची प्रकरणं मी ढिगाने पाहिली होती. या दोघींचं मला मनापासून कौतुक वाटलं.

तरी अर्ज निकाली काढणं भाग होतं. भावांना दुकानात नेलं, सगळं सांगितलं आणि त्यांच्यासमोर ती ओळ काढायला लावली. बटण ठळक झालं.

"दाबा," मी म्हणालो.

"दादा, तू दाब."

"तक्रार तुही हाये. तूच दाब."

कोणाचाच हात पुढे होईना. ठाण्यात तावातावाने येणाऱ्या पुष्कळांना कोणीतरी आपल्याला अडवावं असंच आतून वाटत असतं, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीत शिकलो नव्हतो. ते त्या दुकानात शिकलो. धाकट्याने डोळे पुसले आणि मला हळूच म्हणाला, "साहेब, तक्रार मागं घेतो. फक्त या टायपिंगवाल्याला ते बटन परत बंद करायला लावा."