अर्धी लाल, अर्धी गुलाबी

आरसेकाका जुन्या बोटी घासून चमकवतात. बंदरात त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. मी साहित्याचा पदवीधर आहे हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुमच्या पुस्तकांत जेलकोटबद्दल काय लिहिलंय?"

"काहीच नाही."

"मग एवढी वर्षं वाचलंस काय?"

जेलकोट म्हणजे फायबरच्या बोटीवरचा सर्वांत वरचा रंगीत थर. जेमतेम नखाएवढा जाड. उन्हाने तो विटतो. हात लावला तर खडूसारखी पूड लागते. काका ही मेलेली पूड ओल्या वॉटर पेपरने घासून काढतात, मग पॉलिशचं कंपाउंड लावतात, मग वॅक्स. खालून मूळ रंग वर येतो. ऐकायला सोपं वाटतं. एकदा मी हातभर जागा घासली आणि दोन दिवस डाव्या हाताने जेवलो.

काकू म्हणतात, "एवढ्या बोटी घासल्या, पण घरचं एक पातेलं घासलं असेल तर शपथ."

यंदा काकांचा खांदा धरला. म्हाताऱ्याच्याने आता पूर्ण बोट होत नाही, अशी कुजबुज धक्क्यावर सुरू झाली. इंजिन मेकॅनिक तर दहा बोटींपलीकडे ऐकू जाईल असा कुजबुजायचा. काकांच्या ते फार जिव्हारी लागलं.

"पोस्टमास्तरांची बोट हाती आलीय," ते मला म्हणाले. "टोकापासून टोकापर्यंत चमकवतो. मग बोला म्हणावं."

पोस्टमास्तर निवृत्त झालेले. बोट गुलाबी. बारा वर्षांपूर्वी त्यांनी ती जुनीच घेतली, तेव्हाही गुलाबी होती. अख्खं बंदर तिला 'लिपस्टिक' म्हणायचं.

काकांचा एक नियम होता. निम्मं काम होईपर्यंत मालकाला फिरकू द्यायचं नाही. "मालक मध्येच आला की त्याला कारागीर व्हायचं असतं." त्यांनी उजवी बाजू आधी घेतली. दुसऱ्या दिवशी बोटीवरून लाल पाणी ओघळू लागलं. काकांनी स्वतःचे हात तपासले. मग माझे. कुणालाच कापलं नव्हतं.

बोट मुळात लाल होती.

"त्यांना सांगायचं ना?" मी विचारलं.

"निम्मं झाल्यावर. नियम म्हणजे नियम."

चार दिवसांनी पोस्टमास्तर आणि त्यांच्या पत्नी आल्या. उजवी बाजू अशी लखलखत होती की पोस्टमास्तरांनी तीत स्वतःला पाहून पोट आत घेतलं.

"म्हणजे बारा वर्षं मी लाल बोटीपायी टोमणे ऐकले?"

"असंच दिसतंय, साहेब."

"घासा! डावीपण घासा! एक कण गुलाबी नको मला!" आणि ते मेकॅनिकला बोलवायला जवळजवळ पळतच गेले.

बाई मागे राहिल्या. त्यांनी डाव्या बाजूवर तळवा टेकवला. पूड लागली. ती त्यांनी झटकली नाही.

"भाऊ, ही बाजू अशीच राहू द्या."

"वहिनी, अर्धी बोट कशी सोडू? मला लोक..."

"आमची खिडकी बंदराच्या वळणासमोर आहे. हे संध्याकाळी परततात तेव्हा हीच बाजू दिसते. हल्ली मला नीट दिसत नाही. बाकीच्या बोटी काळ्या होतात. एवढी गुलाबी कळते. मग मी चहाचं आधण ठेवते."

"लालही दिसेल की."

"लाल संध्याकाळी काळीच होते. मी ओढणीवरून पाहिलंय."

"मग गुलाबीच चमकवा," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "गुलाबी म्हणजे ती पूडच आहे रे. पूड चमकत नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "साहेबांना डोळ्यांचं ठाऊक आहे?"

"छे! कळलं तर बोट विकून माझ्याजवळ बसतील. दिवसभर. घरात. तुम्हाला कल्पना नाही, भाऊ."

(हे लिहिण्याआधी मी बाईंना विचारलं. आता साहेबांनाही माहीत आहे. ते बसले होते घरात. आठव्या दिवशी बाईंनीच त्यांना समुद्रावर धाडलं.)

पोस्टमास्तर परत आले ते मेकॅनिक आणि आणखी चौघांना घेऊन. काकांच्या हातात फडकं होतं. ते फडक्याकडेच पाहत बोलले.

"साहेब, डावीकडचा थर पातळ झालाय. घासला तर आतलं फायबर दिसेल. एवढ्यावरच थांबू."

मेकॅनिक खाली वाकला. डाव्या बाजूला शिडीच्या स्क्रूचं एक भोक रिकामं होतं, त्याच्या कडेला थराची जाडी दिसायची. त्यात त्याने टॉर्च मारला.

"पातळ? हा तर उजवीपेक्षा जाड आहे! सरळ म्हणा ना काका, दम संपला."

सगळे हसले. बाई काहीतरी बोलायला पुढे झाल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहून मान किंचित हलवली. मग फडक्याची घडी घातली, खिशात ठेवली.

"हो," ते म्हणाले. "संपला."

आम्ही घरी निघालो. चौकात आल्यावर काका अचानक थांबले.

"मेकॅनिक खरं बोलला रे. जाडच आहे तो थर." त्यांनी दुखरा खांदा चोळला. "काय झळाळली असती!"