कानातली सोबत

आमच्या कारखान्यात सगळ्याजणी तिला ‘रेडिओ’ म्हणायच्या. हे नाव मीच ठेवलं होतं आणि तिला ते आवडायचं. कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली. शिलाई मशीनच्या दोन रांगा, एका टोकाला माझं कटिंगचं टेबल, दुसऱ्या टोकाला इस्त्री. आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. ती कॉलर लावायची. सकाळी मशीनवर बसली की कानात इअरफोन घालायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. पलीकडे तिचा नवरा. तो मालाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि आठवड्यातले चार-पाच दिवस घराबाहेरच असायचा.

तिच्या अर्ध्या बोलण्यावरून आम्हाला सगळा रस्ता पाठ झाला होता. कुठे खड्डे आहेत, कुठल्या नाक्यावर चहा पाणचट मिळतो, सगळं. एकदा ती फोनवर म्हणाली, “उतार आहे ना, दमानं घ्या,” तर शेजारच्या मशीनवरच्या बाईनं आपल्याच पायाखालचं पॅडल हळू केलं. दिवसभर हसत होतो आम्ही. मालकाची काही तक्रार नव्हती, कारण बोलताना तिचा हात कधी थांबायचा नाही. उलट नवऱ्याचा फोन लागला नाही की त्या दिवशी तिच्या कॉलरी वाकड्या यायच्या.

मी मात्र तिला टोकायची. माझा स्वभावच तसा, मला राहवत नाही. म्हणायची, अगं बाई, त्याला गाडी चालवू दे की. त्यावर तिचं उत्तर तयार असे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी दुपारी जेवण करून निघाल्यावर त्याचा डोळा लागला होता आणि ट्रक थेट शेतात घुसला होता. तेव्हापासून त्याला जागं ठेवण्याचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. “दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात, मावशी. डोळे रस्त्यावर असतात. राहिला कान, त्याला तिथे काय काम?” आणि खरंच, फोन हातात धरून गाडी चालवणाऱ्यांचा त्याला भयंकर राग होता. तसा कुणी शेजारून गेला की तो शिव्या घालायचा, आणि त्या शिव्या ऐकून ही इकडे लाजायची.

गंमत म्हणजे घरी आला की दोघंही मुकी. मी त्यांच्या खोलीवर जायची तेव्हा पाहिलंय. एकच खोली, मध्ये पडदा, पडद्याआड ओटा. तो खुर्चीत बसून मुलीच्या पेन्सिलींना टोकं करणार, ही भाजी निवडणार, आणि दोघांत मिळून चार शब्द. समोरासमोर बसून बोलायची त्यांना सवयच लागली नव्हती. मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, त्याच्या आईला कुणाकडे ठेवायचं, हे सगळं त्यांनी तो गाडी चालवताना आणि ती कॉलर लावताना ठरवलं. त्यांचा संसार त्या इअरफोनच्या वायरीवर उभा होता म्हणा ना. मला त्याचं हसू यायचं आणि खोटं कशाला सांगू, हेवाही वाटायचा. माझा नवरा चोवीस तास घरात होता, पण मला काही विचारायचं त्याच्या कधी मनात आलं नाही.

त्या दिवशी मुलीला ताप होता. शेजारीण तिच्याजवळ बसली होती. तिनं दुपारी फोन करून विचारलं, थर्मामीटर कुठे ठेवलाय? हिला ठाऊक नव्हतं. वस्तू जागच्या जागी ठेवणारा तो होता. हिनं लगेच त्याला लावला. मी समोरच कापड अंथरत होते, सगळं ऐकत होते. कपाटात नाही म्हणतात, ही म्हणाली. खालच्या खणातही नाही. मग म्हणाली, “अहो, नीट आठवा ना. कपाट डोळ्यांसमोर आणा आणि सांगा.”

पहिल्यांदाच तिचं मशीन थांबलेलं मी पाहिलं. इअरफोन तिनं काढला नाही. पलीकडचं सगळं तिनं ऐकलं, ब्रेक, आरडाओरडा, दार उघडल्याचा आवाज, आणि नवऱ्याचं “अरे देवा, अरे देवा”. मी जाऊन तिच्या कानातला इअरफोन ओढून काढला, तेव्हा ती माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तशी बघायला लागली.

सायकलवरून एक सुतार चालला होता. मागे हत्यारांची पिशवी बांधलेली. सरळ रस्ता, लख्ख ऊन, वाहनंही फार नव्हती. तो ट्रकखाली जागीच गेला. पोलिसांनी विचारलं, तर ड्रायव्हरनं काही लपवलं नाही. म्हणाला, “रस्ता दिसत होता, साहेब. पण माणूस दिसला नाही. मला कपाट दिसत होतं.” वकिलानं पुढे त्याला हे बोलू नको म्हणून पुष्कळ समजावलं. तो कोर्टातही तेच बोलला.

कोर्टात मी तिच्यासोबत गेले होते. बाहेरच्या बाकावर सुताराची बायको बसली होती. ती उठून आमच्याकडे आली. मला वाटलं, आता ही हात उचलणार, आणि उचलला असता तरी मी मध्ये पडले नसते. तिनं फक्त विचारलं, “काय बोलत होता तुम्ही?”

“मुलीला ताप होता. थर्मामीटर सापडत नव्हता.”

“मग सापडला?”

हिनं मान हलवली. सापडला होता, मुलीच्याच उशीखाली. संध्याकाळपर्यंत ताप उतरलाही होता. ती बाई पुन्हा आपल्या बाकावर जाऊन बसली आणि मग तिनं आमच्याकडे बघितलं नाही.

तो शिक्षा भोगून आला. लायसन्स गेलं होतं आणि असतं तरी तो पुन्हा गाडीवर बसला नसता. मी मालकाच्या मागे लागून त्याला आमच्याकडेच इस्त्रीवर लावला. मनात म्हटलं, आता दोघं एका खोलीत आहेत, दिवसभर समोरासमोर, बोलतील हळूहळू. कुठलं काय! तो मान खाली घालून शर्टांच्या घड्या घालतो, ही मान खाली घालून कॉलरी लावते. घरी सुद्धा मीठ दे, दार लाव, एवढंच. मुलगीही आता हळू आवाजात बोलायला शिकली आहे.

शेवटी एक दिवस माझं डोकं फिरलं. जेवणाच्या सुट्टीनंतर मी तिचा फोन तिच्या हातात कोंबला आणि म्हटलं, तुमची जीभ फोनशिवाय चालत नाही ना, मग कर फोन. इथूनच कर. तिनं घाबरत घाबरत लावला. पलीकडच्या टोकाला त्याचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं. इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं, शर्ट बाजूला सारला. मग उठून बाहेर गेला, पायरीवर बसला, आणि तेव्हाच फोन कानाला लावला. उघड्या दारातून आम्हाला त्याची पाठ दिसत होती.

“बसलोय मी,” तो म्हणाला. “हात रिकामे आहेत. बोल.”

सगळी मशीनं थांबली होती. “काही नाही,” ती म्हणाली, “ठेवा.” आणि तिनंच आधी ठेवला. तो मात्र फोन कानाशी धरून तसाच बसून राहिला.

मी चिडले. एवढा तो बोल म्हणाला, तर तुझी दातखीळ का बसली? ती दाराकडे बघत होती.

“मावशी, मी बोलायचे ना, ते त्यांना दिसायचं. भाजी म्हटलं की भाजी, पोर म्हटलं की पोर. आता मी काहीही बोलले तरी त्यांना तो सायकलवालाच दिसणार. मग मी बोलू तरी काय?”

तिच्या मशीनवरची कॉलर उलटी जोडली गेली होती. मी म्हटलं, उसव ती. ती उसवायला बसली.