लोलक नसलेली घंटा

लक्षात राहिलेली केस कोणती, असं कुणी विचारलं की मी एका दरोड्याची हकिकत सांगत आलो. घंटेची केस टाळली. विसरलो म्हणून नव्हे. ती सांगायची तर माझ्या हाताबद्दलही सांगावं लागतं.

तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरात पोलीस निरीक्षक होतो. खबऱ्यानं कळवलं, करमाडजवळच्या गोदामात समुद्रतळावरून काढलेली, क्रूस कोरलेली जुनी काशाची घंटा विकायला आली आहे. पंच घेऊन छापा घातला. घंटा मिळाली, आणि तिच्यावर हात ठेवून बसलेला एक तिशीतला माणूस. गोदामाच्या मालकाचं क्रांती चौकात जुन्या वस्तूंचं दुकान होतं. तो लगेच म्हणाला, "साहेब, यानंच आणली. मी तर घंटा आज पहिल्यांदा बघतोय."

पकडलेला माणूस कोकणातल्या एका बेटावरचा ख्रिस्ती, पर्यटकांना स्कूबा डायव्हिंग शिकवणारा. समुद्रतळावरची घंटा आणि समोर पाणबुड्या. मला केस सुटल्यासारखीच वाटली.

"साहेब, मी चोरी करूक नाय," तो म्हणाला.

घंटा त्यांच्या चर्चची, पोर्तुगीज काळातली. पणजोबांच्या पिढीत दुरुस्तीला नेताना होडी उलटली आणि ती बुडाली. तेव्हापासून बेटावर लोखंडाचा तुकडा बडवून लोकांना प्रार्थनेला बोलावतात. यानं कित्येक मोसम तळ धुंडाळून ती शोधली होती.

"मग वर का नाही काढलीस?"

"एकट्यान काढूची नसता. सगळ्या गावाचो हात दोराक लागाक होयो. फेस्ताक काढतले होतंव."

फेस्त म्हणजे चर्चचा वार्षिक सण. त्याआधी त्यानं कौतुकानं एका पर्यटकाला पाण्याखाली नेऊन घंटा दाखवली आणि थोड्याच दिवसांत ती नाहीशी झाली. तो पर्यटक म्हणजे हा दुकानदार. त्याच्या मागावर, गिऱ्हाईक बनून, हा करमाडला पोचला होता.

मला हे रचलेलं वाटलं. आमच्याकडे रीत होती, चौकशीच्या सुरुवातीला एक कानाखाली. त्यानं माणूस 'मोकळा होतो' म्हणायचे. मी रीत पाळली. तो खुर्चीवरून पडला, उठला आणि तीच हकिकत पुन्हा सांगितली.

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला, "साहेब, लई सरळ गडी हाय."

"सरळ दिसणारेच पक्के असतात."

"व्हय. मग आपला शेठबी लई सरळ दिसतोय की."

मुद्देमाल तपासताना हवालदारानंच घंटा आडवी केली. आत लोलक नव्हता. पाणबुड्याला विचारलं.

"तो आधीच वर काढलंय. गावाक खूण म्हणान. फादरांकडे आसा, वेदीपाशी."

तिथल्या ठाण्याला फोन केला. शिपाई होडीनं बेटावर गेला. लोलक वेदीपाशीच होता.

मग मी दुकानदाराला चहा दिला आणि सहज म्हणालो, "लोलक नाही म्हटल्यावर घंटेची किंमत पडत असेल."

"तो नव्हताच हो. तळाशी होती तेव्हापासून."

हवालदारानं कप उचलला. "शेठ, तळ कधी बघितला तुमी?"

अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं. भाड्याचे पाणबुडे लावून त्यानंच घंटा उचलली होती.

पाणबुड्याच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, या कानानं ऐकू कमीच येईल, आता खोल पाण्यात उतरणं विसरा. कशानं झालं, असं त्यांनी विचारलं. मीच उत्तर दिलं, "पाणबुड्या आहे. पाण्याच्या दाबानं." त्यांनी तसंच लिहिलं. तो शेजारी उभा होता. बोलला नाही.

का बोलला नाहीस, असं नंतर हवालदारानं त्याला विचारलं. तो म्हणाला, "वाद घातलो असतो तर घंटा हयच पडान रवली असती. फेस्त तोंडार इला."

घंटा परत द्यायला आमची हरकत नसल्याचं मी कोर्टाला कळवलं आणि घंटा सणाआधी बेटावर पोचली.

नोकरीत धाडसी माणसं पुष्कळ पाहिली. स्वतःचा समुद्र गेला तरी गावाच्या घंटेसाठी गप्प राहिलेला माणूस एकच पाहिला. आणि आमच्या त्या रीतीचं म्हणाल, तर खरा चोर एका चहावर बोलला. त्याला मी बोटही लावलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात बेटावर गेलो. तो काठावर पर्यटकांना मास्क बांधून देत होता. पाण्यात उतरत होते दुसरेच. "साहेब, इलात?" म्हणून त्यानं हसून माझा हात धरला आणि चर्चकडे घेऊन निघाला. वाटेत घंटा वाजली. त्यानं मान वळवून उजवा कान तिकडे केला. मी डाव्या बाजूला होतो. घरून ठरवून आणलेलं माफीचं वाक्य मी तेव्हाच बोललो.

नाद विरल्यावर तो माझ्याकडे वळला. "काय म्हणालात, साहेब?"

"काही नाही," मी म्हणालो. "आवाज छान आहे."